इतर रकान्यातला माणूस

“इनको किसमें डालूं, जी?” वसुधानं हातातलं कार्ड श्यामसुंदरजींच्या टेबलावर ठेवलं.

श्यामसुंदरजी रेकॉर्ड विभागाचे प्रमुख. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कार्ड डोळ्यांजवळ धरलं. कार्डावरचा माणूस भरबाजारात गोळी लागून रुग्णालयात आला होता. महिना-दीड महिना वॉर्डात झुंजला आणि शेवटी जखम चिघळून गेला.

“मरा किससे?”

“इन्फेक्शन से.”

“तो इन्फेक्शन में डालो.”

“गोली न लगती तो इन्फेक्शन होता क्या?”

श्यामसुंदरजींनी कार्ड परत दिलं. “मैडम, ऐसे सोचने बैठे तो आधा पंजाब एक ही खाने में आ जाएगा.”

वसुधानं कार्ड संसर्गाच्या गठ्ठ्यात ठेवलं. बाजारातल्या त्या गोळीबाराचा निकाल तिच्यापुरता असा लागला.

लग्न होऊन चंडीगढला आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी वसुधा पेंढारकर या विभागात चिकटली होती. रुग्णालयात कोण कशानं गेलं याचे गट पाडायचे, एवढंच काम. गोळीनं गेलेल्यांसाठी चार रकाने होते. अतिरेक्यांच्या गोळीनं गेला तो पहिल्यात, पोलिसांच्या गोळीनं गेला तो दुसऱ्यात. दरोडा, भाऊबंदकी, बांधावरची भांडणं तिसऱ्यात. आणि उरलेलं सगळं चौथ्यात: साफ करताना सुटलेली गोळी, स्वतःच स्वतःवर झाडलेली गोळी, कोणी झाडली हे कधी कळलंच नाही ती गोळी. त्या रकान्याचं नाव ‘इतर’. महिनाअखेरीला वरच्या कार्यालयातून आकडा मागत तो फक्त पहिल्या रकान्याचा. वर्तमानपत्रातही तोच यायचा. बाकीचे मेले होते, पण हिंसाचारात धरले जात नव्हते.

वसुधा काही फार खोल विचार करणारी बाई नव्हती. पण वर्षानुवर्षं एकच काम हाताखालून गेलं की त्यातलं काहीतरी आपोआप दिसायला लागतं. तिला दोन गोष्टी दिसल्या होत्या. एक म्हणजे लोकांना संरक्षणासाठी भराभर परवाने मिळायला लागल्यापासून ‘इतर’चा गठ्ठा जाड होत चालला होता. शत्रूसाठी घेतलेली बंदूक घरातल्याच कुणाला तरी लागत होती. दुसरी गोष्ट ती मनातही मोठ्यानं म्हणायची नाही. पहिल्या रकान्यात ‘अज्ञात बंदूकधारी’ असं लिहिलेलं एखादं कार्ड पडलं की काही दिवसांनी त्याच वस्तीतलं कुणीतरी दुसऱ्या रकान्यात येऊन पडायचं. ‘चकमकीत ठार’. कधी एक, कधी दोघं.

पहिली गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली होती. दुसरी कुणालाच नाही.

सदाशिव पेंढारकर विद्यापीठात भूगोल शिकवायचा. वाईचा माणूस, स्वभावानं भित्रा आणि ते लपवण्यासाठी सतत विनोद करणारा. त्याच्या विभागातले एक सहकारी सकाळी फिरायला गेले असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या, आणि त्या दिवसापासून सदाशिवचे विनोद आटले. त्यानं सकाळचं फिरणं सोडलं. मग संध्याकाळी खिडकीत उभं राहणं सोडलं. वर्गात जाताना रोज वेगळी वाट धरायचा, आणि सेक्टर पंधराच्या त्या सरळ, काटकोनी रस्त्यांवर वेगळ्या वाटा काढायच्या म्हणजे भूगोलाच्या प्राध्यापकालाही जड जात होतं. शेवटी ओळखीतल्या एका निवृत्त विंग कमांडरनी धावपळ करून त्याला परवाना मिळवून दिला. पिस्तूल घरी आलं. ते चालवायचं कसं हे त्यांनीच एका रविवारी माळावर नेऊन शिकवलं.

“घरात नको रे ते,” वसुधा म्हणाली होती. “मी रोज बघते. बाहेरच्यापेक्षा घरातलेच मरतात त्यानं.”

“तुझ्या त्या आकड्यांत मी नाहीये, वसू.”

“आकड्यांत कुणीच आधीपासून नसतं.”

“मग काय करू? दार उघडून बसू? पोरगी एकटी क्लासला जाते, तू ड्यूटीवर. मला रात्रंदिवस कानात मोटारसायकल ऐकू येते. कळतंय का तुला?” त्याचा आवाज चिरकला. वसुधाला त्याची दया आली, आणि तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. भीती तिलाही होतीच. फक्त नवऱ्याची भीती फाटकाबाहेर उभी होती आणि तिची कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवलेली.

नवरात्रातली एक संध्याकाळ. फाटकाची कडी वाजली. सदाशिव ताडकन उठला, कपाटातून पिस्तूल काढलं, वरचा भाग खसकन मागं ओढून सोडला आणि दाराआड उभा राहिला. वसुधानं मुलीला, रागिणीला, स्वयंपाकघरात ढकललं आणि स्वतः दाराला आडवी उभी राहिली. बाहेर वरच्या मजल्यावरचा गुरमेल होता. घरमालकीण बीजींचा मुलगा, चाळिशीकडं झुकलेला, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. बीजींनी उपासाच्या घरी म्हणून केळी पाठवली होती.

“भैणजी, सब ठीक?” त्यानं दाराच्या फटीतून विचारलं.

“ठीक है, भाईसाब.”

त्यानं आत वाकून पाहिलं नाही. केळी पायरीवर ठेवली आणि भिंतीला हात लावत जिना चढून गेला. दोन वर्षांपूर्वी त्यानं दुरुस्त केलेला एक रेडिओ नको त्या माणसाकडं सापडला होता. त्यावरून पोलीस त्याला घेऊन गेले. परत आला तेव्हापासून त्याचा डावा पाय ओढत चालायचा. काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि बीजींनी कुणाला विचारू दिलं नाही.

सदाशिवनं पिस्तूल तसंच रुमालात गुंडाळून परत कपाटात ठेवलं.

पेंढारकरांकडं खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. वाईला आजोबांची एक गंजकी गुप्ती होती, ती चुलत्यांकडं राहिली. चंडीगढला आल्यापासून सदाशिव पाटावर विळी, कात्री, पान्हे, स्क्रू ड्रायव्हर आणि रागिणीची कंपासपेटी मांडायचा आणि “शत्रू थरथर कापतोय बघा,” म्हणायचा. रागिणी दरवर्षी हसायची. वर्षभरात तो तेवढाच एक दिवस सोवळं नेसायचा, आणि त्यात तो लहान मुलासारखा दिसायचा.

त्या वर्षी पाटाच्या मधोमध पिस्तूल आलं. आदल्या दिवशी सदाशिवनं त्याचं मॅगझिन काढून फडताळात ठेवलं होतं. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असा त्याचा समज. केळ्यांच्या संध्याकाळी वरचा भाग मागं ओढला तेव्हा एक गोळी आत सरकली होती, हे त्या भित्र्या, हुशार माणसाच्या ध्यानातच राहिलं नाही. त्यानं पिस्तुलाला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. झेंडूची माळ सारखी घसरत होती म्हणून ती खटक्याभोवतीच्या कडीतून दोनदा ओवून निगुतीनं बसवली.

“मस्करी नाही करणार यंदा?” वसुधानं विचारलं.

“यंदा खरं शस्त्र आहे,” तो म्हणाला.

रात्रभर ते तसंच पाटावर होतं. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा. मंत्र म्हणून अक्षता टाकायच्या आणि पुजलेली वस्तू जागेवरून जराशी हलवायची, मग ती उचलायला मोकळी. हलवण्याचा मान घरातल्या लेकराचा. सदाशिव पाटापलीकडं वाकून अक्षता टाकत होता. रागिणी अलीकडं, पिस्तुलाच्या मुठीच्या बाजूला बसली होती. सोळा वर्षांची मुलगी, नुकतीच न्हालेली, केसांतून पाणी गळत होतं.

“हलव आता,” सदाशिव म्हणाला.

“बाबा, माला फंस गई है.”

“ओढ हळूच.”

तिनं माळ आपल्याकडं ओढली.

वर बीजींना वाटलं, रावणाच्या फटाक्यांना पोरांनी आत्ताच सुरुवात केली. वसुधा स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा सदाशिव पाटावर ओणवा झाला होता, नमस्कार करताना होतो तसा. रागिणीच्या हातात माळ होती. ती ओरडत नव्हती. नुसती “बाबा, बाबा, सॉरी, बाबा” म्हणत होती. वसुधाच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो ऐकून गुरमेल जिन्यावरून अक्षरशः घसरत खाली आला. त्यानं एका नजरेत पाट पाहिला, पिस्तूल पाहिलं, मुलीच्या हातातली माळ पाहिली. मग सदाशिवला खांद्यावर घेतलं, आपल्या मारुती व्हॅनमध्ये निजवलं आणि त्या लंगड्या पायानं गाडी दामटली.

वाटेतच सदाशिवचा श्वास थांबला. वसुधाच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. तिला ते कळलं, पण रुग्णालय येईपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही.

अपघात विभागातल्या डॉक्टरांनी तिला ओळखलं. त्यांनी नुसती मान हलवली. दसऱ्याची सुट्टी असूनही श्यामसुंदरजी क्वार्टरमधून चपला घालून धावत आले. बाकावर वसुधा, तिला चिकटून रागिणी, आणि समोरच्या भिंतीशी उकिडवा बसलेला गुरमेल. त्याचा पांढरा कुर्ता छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल झाला होता.

थोड्या वेळानं ठाणेदार आले. मध्यमवयीन माणूस, डोळ्यांखाली काळं. सभ्य होते. आधी हात जोडले.

“मैडम, बहुत अफसोस है. प्रोफेसर साहब का नाम हमारे पास था, जिनको खतरा है उनमें.” त्यांनी टोपी काढून काखेत धरली. “मोटरसाइकिल पे आए थे? दो थे?”

वसुधाला प्रश्न कळायलाच वेळ लागला.

“घबराइए मत. जितना याद है उतना बताइए. चेहरे ढके हुए थे?”

आता कळला. त्यांनी सगळं आधीच ठरवलं होतं. धोक्याच्या यादीतला प्राध्यापक, छातीत गोळी. दुसरं काय असणार? तिनं रागिणीकडं पाहिलं. मुलीचे ओठ पांढरे पडले होते, आणि अजून झेंडूच्या दोन-तीन पाकळ्या तिच्या मुठीत चुरडलेल्या होत्या.

श्यामसुंदरजींनी ते पाहिलं. इतकी वर्षं मृत्यूची कार्डं वाचणारा माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. ते वसुधाच्या कानाशी वाकले. “मैडम, पहले खाने में जाने दो. बच्ची की सारी ज़िंदगी पड़ी है. इसमें किसका नुकसान है?”

वसुधा गप्प राहिली. ती गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली, असं धरून ठाणेदार लिहू लागले. आणि खरं सांगायचं तर ती हो म्हणालीच होती. तिच्या छातीतलं ओझं क्षणभर हललं. अज्ञात बंदूकधारी. कुणाचंच नाव नाही. रागिणीला कुणी ‘बापाला मारणारी’ म्हणणार नाही, शाळेत नाही, वाईला नाही, उद्या लग्नाच्या बोलण्यात नाही. सदाशिवच्या नावापुढं वर्तमानपत्रात चार चांगले शब्द येतील.

“यह कौन है?” ठाणेदारांनी पेननं समोर खूण केली.

“ऊपर रहते हैं,” वसुधा म्हणाली. “यही लाए हमको.”

“नाम?”

“गुरमेल सिंह, जी.” गुरमेल उभा राहिला. उठताना भिंतीचा आधार घेतला.

ठाणेदारांनी त्याच्या पायाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं. “तुझे पहले भी लाए थे न? रेडियोवाला?”

“हां जी.”

“गोली चली तब कहां था?”

गुरमेलनं एकदा रागिणीकडं पाहिलं. त्यानं सगळं पाहिलं होतं. एका वाक्यात तो सुटला असता.

“ऊपर था जी,” तो म्हणाला. “मैंने कुछ नहीं देखा.”

“मोटरसाइकिल भी नहीं सुनी?”

“नहीं जी.”

“सारा मोहल्ला सुनता है, तू नहीं सुनता.” ठाणेदारांचा आवाज चढला नाही. त्यांनी शिपायाकडं मान वळवली. “बिठा ले इसको. थोड़ी पूछताछ है, मैडम. शाम तक छोड़ देंगे.”

शिपायानं गुरमेलचा दंड धरला. गुरमेलनं प्रतिकार केला नाही. त्याचा डावा पाय मात्र लटपटायला लागला, आधीच सगळं आठवल्यासारखा. तो दाराकडं निघाला. वसुधाला पुढची कार्डं दिसत होती. संध्याकाळपर्यंत सोडतील, कदाचित. किंवा आठवड्याभरानं तिच्याच टेबलावर एक कार्ड येईल, दुसऱ्या रकान्याचं, आणि ती ते मुकाट्यानं गठ्ठ्यात ठेवील. बोलली तर रागिणी. नाही बोलली तर गुरमेल. आयुष्यात तिला इतकी भीती कधी वाटली नव्हती, सकाळी तो आवाज ऐकला तेव्हाही नाही.

“थानेदार साहब,” ती म्हणाली.

कुणी थांबलं नाही. तिचा आवाजच फुटला नव्हता. ती उठली.

“थानेदार साहब, कोई नहीं आया था बाहर से. घर में चली गोली. पूजा में रखी थी पिस्तौल.” तिनं श्वास घेतला. “मेरे हाथ से चली. मैं माला निकाल रही थी.”

रागिणीनं झटकन मान वर केली. “मम्मा…”

वसुधानं तिचा हात इतका घट्ट दाबला की पोरीचा शब्द तिथंच थांबला.

ठाणेदारांनी पेन खाली केलं. त्यांनी या बाईकडं पाहिलं, मग मुलीकडं, मग पुन्हा बाईकडं. “पूजा में? पिस्तौल?”

“हमारे में होती है. नवमी को.”

“खाली नहीं की थी?”

“उन्होंने मैगज़ीन निकाली थी.”

“एक अंदर रह गई होगी,” ठाणेदार स्वतःशीच म्हणाले. असलं त्यांनी पुष्कळ पाहिलं असणार. “मैडम, सोच लो. केस बनेगा आप पर. नौकरी पे भी आ सकती है बात.”

“सोच लिया.”

“कागज़ एक बार लिखा तो लिखा.”

“लिखिए.”

त्यांनी आधीचं पान फाडलं आणि नवीन सुरू केलं. लिहिता लिहिताच शिपायाला हातानं खूण केली. शिपायानं गुरमेलचा दंड सोडला. गुरमेल तिथंच, दाराच्या आत, जमिनीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

श्यामसुंदरजी हळूच म्हणाले, “खाना बदल जाएगा, मैडम. पेंढारकर साहब फिर गिनती में नहीं आएंगे.”

“नाही आले तर नाही आले,” वसुधा मराठीत म्हणाली. ते त्यांना कळलं की नाही हे तिनं बघितलं नाही. ती जबाबावर सही करायला वाकली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपला पदर अजून स्वयंपाकघरातल्यासारखा खोचलेलाच आहे.

वाईहून दीर आले, दिवस झाले, दीर गेले. जाताना ते वसुधाशी बोलले नाहीत, फक्त रागिणीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोलीस दोनदा येऊन गेले. कोर्टाची तारीख पडायची होती, आणि तोवर नोकरीवर येऊ नका, असं रुग्णालयानं कळवलं होतं. विंग कमांडरनी वकील पाहून दिला. गल्लीतल्या बायका फाटकापाशी बोलायच्या थांबायच्या आणि वसुधा आत गेली की पुन्हा सुरू व्हायच्या. बीजी मात्र रोज दुपारी वरून डाळ-भात घेऊन खाली यायच्या. ताट ठेवायच्या, वसुधाची हनुवटी धरायच्या आणि वर जायच्या. गुरमेलनं त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे.

रागिणी जेवत नव्हती. दूध प्यायची, बिस्किटाचा तुकडा तोंडात धरून बसायची. वसुधा रोज ताट वाढायची आणि रोज झाकून ठेवायची. रात्री मुलगी दचकून उठायची आणि स्वतःचे हात चादरीखाली लपवायची. कोर्टाची वसुधाला आता भीती नव्हती. भीती होती ती या मुलीच्या गप्प बसण्याची. ‘इतर’च्या गठ्ठ्यात अशीही कार्डं असायची: आधी घरातल्या एकाचं, मग वर्षाच्या आत त्याच घरातल्या दुसऱ्याचं.

एका दुपारी तिनं ताट वाढलं आणि समोर बसली. बाहेर थंडीतलं ऊन पडलं होतं. रागिणी कितीतरी वेळ भाताकडं बघत होती.

“मम्मा,” ती म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. “वह माला… तुम निकाल रही थी न? तुम्हारे हाथ से हुआ था न?”

वसुधानं तिच्याकडं पाहिलं. मुलगी वेडी झाली नव्हती, विसरलीही नव्हती. तिला सगळं माहीत होतं. ती फक्त मागत होती.

“हो,” वसुधा म्हणाली. “माझ्याच.”

रागिणीनं मान हलवली आणि भातावर डाळ ओतून घेतली.